कैरीचा सोडा, एक-शून्य-एक

एप्रिलातल्या एका दुपारी अडीच वाजता मी अमडापूरच्या स्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये गेले आणि पाव किलो खायचा सोडा आणि शंभर ग्रॅम लिंबूसत्व मागितलं. काउंटरमागचा माणूस पेपर वाचत होता. त्याने पेपर ठेवला नाही, फक्त नाकाखाली आणला, आणि वरून माझ्याकडे पाहिलं.

"कोनाचं पोट बिघडलं?"

"कोनाचंच नाही."

"मंग पाव किलो सोडा काऊन?"

"सरबताले फेस आनायचा आहे."

बाहेर उन्हाने रस्ता पांढरा पडला होता आणि कुत्रीसुद्धा एसटीच्या सावलीत जाऊन पडली होती.

"फेस येईन," तो म्हणाला, "पन ते सरबत नाई राहनार. ॲसिडिटीचं औषध होईन. तयार पुडी आहे आपल्याजवळ, कालवायची कटकट नाई."

मी सोडा घेतला आणि घरी आले. मला सल्ला न मागता मिळाला की माझं डोकं फिरतं. शिवाय मी परभणीहून अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेऊन आलेली, आणि हा मला सरबत शिकवणार. आईने विचारलं, मेडिकलमध्ये कोण होतं. वर्णन सांगितल्यावर ती म्हणाली, तो वैजनाथभाऊंचा विहंग. वडील मागच्या श्रावणात वारले, तेव्हा अकोल्याची नोकरी सोडून आला आणि दुकानात बसला. स्वभावाने बरा आहे, पण बोलतो कमी. माझ्याशी तो बराच बोलला होता.

सरबत केलं. फेस आला. चव अगदी ॲसिडिटीच्या औषधाची आली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच वेळी गेले. काही घ्यायचं होतं असं नाही.

"खारट लागलं ना?" त्याने पेपरावरूनच विचारलं.

"थोडं."

"किती घेतलं होतं?"

"एका ग्लासाले अर्धा चमचा."

"जेवनानंतर घ्याचं होतं," तो म्हणाला. "गुन आला असता."

चेहरा इतका गंभीर की मला हसायला दोन क्षण उशीर झाला. मग मी त्याला खरं काय ते सांगितलं. संभाजीनगरच्या एका पेयांच्या कारखान्यात जागा निघाली होती, माल तपासणाऱ्या विभागात. मुलाखतीला येताना स्वतः केलेलं फळाचं फसफसतं पेय आणायचं, दहा बाटल्या, सिलिंडरचा गॅस न वापरता. मुलाखत अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी. दोन वर्षांत माझ्या तीन मुलाखती झाल्या होत्या आणि तिन्ही ठिकाणी 'कळवतो' म्हणाले होते. ही चौथी. हीही गेली तर पुढची गोष्ट बाबांशी ठरली होती: मी नोकरीचं नाव काढायचं नाही आणि येतील ती स्थळं पाहायची. शब्द मीच दिला होता. दोन वर्षं घरात बसून माणूस कसलाही शब्द देतो.

"मंग सोडा काऊन घेतला? सोड्याचा फेस तं फसवनूक झाली," तो म्हणाला.

"घाईत होती. आता आल्याचं विरजन लावते."

हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. मी समजावून सांगितलं. बरणीत पाणी घ्यायचं, रोज एक चमचा किसलेलं आलं आणि एक चमचा साखर घालून ढवळायचं. आलं धुवायचं, पण साल काढायची नाही, कारण जे काय जिवंत असतं ते सालीवरच असतं. आपल्या उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत बुडबुडे येतात. ते आलं की कैरी उकडून, गाळून, साखर घालून गार करायची, त्यात हे विरजण मिसळायचं आणि जाड काचेच्या बाटल्यांत भरून घट्ट झाकायचं. साखर खाऊन ते विरजणच आत वायू सोडतं. दोन दिवसांत सोडा तयार.

"रोज खाले मांगते?"

"रोज."

"लेकरू झालं मंग हे." त्याने पेपर शेवटी घडी करून ठेवला. "नाव ठिवलं का?"

तिथून माझं रोज जाणं सुरू झालं. कारणं मी शोधून काढत होते, हे आता मान्य करायला हरकत नाही. एक दिवस गाळायला कापडी पट्टी, एक दिवस मोजायला औषधाच्या बाटलीवरची टोपणं. एकदा थर्मामीटर नेलं. रसोईत लावून पाहिलं तर पारा बेचाळीसवर जाऊन थांबला, कारण पुढे आकडेच नव्हते.

"ते ताप पाहाले असते," विहंग म्हणाला. "तुमी घराचा पाहून राह्यल्या."

"मंग घराले काय देऊ?"

"आराम सांगा. अन् पातळ खाऊ द्या."

त्याच्या दुकानात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर होता. बोलताना तो कूलरचं तोंड माझ्याकडे वळवायचा आणि स्वतः कपाळ पुसत राहायचा. शेजारच्या टायरच्या दुकानातले युसूफचाचा एकदा आले, वळवलेला कूलर पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि कशासाठी आलो होतो ते न सांगताच परत गेले.

पहिला घाणा जमला. मी एक बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून दुकानात नेली आणि ग्लासात ओतली. पोपटी रंग, वर बारीक बुडबुड्यांचा थर, कैरीचा आणि आल्याचा वास. मी ग्लास पुढे केला. त्याने हातात घेतला, वास घेतला, आणि…

"नाई चालत," तो म्हणाला.

"काऊन? वास बरा नाही?"

"वास तं लय भारी आहे. आमच्या घरी अखजीपर्यंत आंबा तोंडात घेत नाईत. कैरीबी नाई. पह्यले पितरांले, मंग आपन." त्याने ग्लासाकडे पाहिलं. "औंदा बाबाची पह्यली अखजी आहे. तवा…"

"हाव. बराबर आहे," मी म्हटलं. आमच्याकडेही पिकला आंबा अखजीनंतरच, पण कैरीला सूट आहे.

मी ग्लास परत घ्यायला हात पुढे केला. त्याने दिला नाही. त्याने तो उचलून कानाला लावला आणि डोळे मिटून ऐकत बसला. भर दुपारी, काउंटरमागे उभं राहून. आत बुडबुडे फुटताना जो बारीक आवाज येतो, तो.

"चांगला बोलून राह्यला," तो म्हणाला.

तिथे मला तो आवडला. मी त्यावर फार विचार केला नाही. घरी आले, बरणीला साखर घातली.

त्यानंतर आठवड्याने आमच्या घरी एक बाटली फुटली. आवाज फटाक्यासारखा, आणि कैरीचं पाणी थेट आईच्या वाळत घातलेल्या कुरड्यांवर. चूक माझी होती. बाटली घट्ट झाकली की सकाळ-संध्याकाळ झाकण क्षणभर सैल करून जादा वायू सोडून द्यावा लागतो, आणि मी संध्याकाळी मेडिकलमध्ये होते. आईने काच वेचली, कुरड्या फेकल्या, आणि जाहीर केलं की हे बॉम्ब यापुढे तिच्या घरात बनणार नाहीत.

नेमका अखजीच्या आदल्या तीन दिवसांत जानेफळला मामेबहीण पूनमचा साखरपुडा होता. सगळं घर निघालं होतं. मुलाखतीच्या दहा बाटल्या तेव्हाच भरायच्या होत्या, नाहीतर वेळेवर तयार होणार नव्हत्या. मी हे सगळं विहंगला सांगितलं. मदत मागितली नाही, फक्त सांगितलं. मागणं आणि सांगणं यात मी तेव्हा बराच फरक धरत होते.

"इथं ठिवा," तो म्हणाला. "मांगच्या खोलीत. थंडं राहते."

"फ्रीजमंदी नाही ना?"

"फ्रीजमंदी इन्सुलिन आहे. तिथं कैरी नाई चालत. तिथं माह्या मायचं लोनीबी नाई चालत."

निघायच्या सकाळी मी पिशवीतून भरलेल्या बाटल्या काढून काउंटरवर ओळीने मांडल्या. तारेच्या कडीची झाकणं होती. त्याच्या पॅडवर मी सूचना लिहायला लागले.

"सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. कडी थोडी सैल करायची, हवा गेली की लगेच बंद."

"एक-शून्य-एक," तो म्हणाला. डॉक्टर चिठ्ठीवर असंच लिहितात: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक.

"एक-शून्य-एक."

"जेवनाच्या आधी का नंतर?"

पिशवीत अकरावी बाटली होती. तिच्यावर मी चिकटपट्टी लावून त्याचं नाव लिहिलं होतं. ती काढताना मला उगाच घाम आला, कूलर माझ्याच तोंडावर असताना.

"ही तुमची. अखजी झाल्यावर प्या. हिच्यात साखर कमी घातली, फुटनार नाही, म्हनून ही उघडायची नाही. घरी माठाखालच्या ओल्या रेतीत ठिवा."

त्याने बाटली घेतली आणि आपलं नाव वाचलं. नाव तीन अक्षरी आहे. त्याला बराच वेळ लागला.

"नौकरी लागली का मंग… तिकडंच राहान?"

"राहावंच लागेन."

"हाव," तो म्हणाला. एका बाटलीची कडी त्याने दाबून पाहिली, ती आधीच घट्ट होती. "लागो."

जानेफळला साखरपुड्याच्या गर्दीत त्याचे मेसेज येत होते. 'सकाळचा डोस दिला.' 'सगळे पेशंट बरे आहेत.' पूनमने विचारलं, सारखा कोणाचा मेसेज. मी म्हटलं, मेडिकलचा. ती म्हणाली, तब्येत बरी नाही का तुझी? मी म्हटलं, बरी आहे. आता आठवतं की दुसऱ्या दिवशी मेसेज दुपारीही आला होता आणि चार वाजताही. मला ते गोड वाटलं होतं. माल तपासणारी बाई म्हणून मी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

अखजीच्या सकाळी पहिल्या गाडीने मी एकटी परत आले आणि सरळ दुकानात गेले. पहिल्या बाटलीची कडी काढली. काही झालं नाही. फुस्स नाही, बुडबुडा नाही. दुसरी काढली. तिसरी. दहाव्या बाटलीपर्यंत मी गेले, कारण अर्धवट तपासणी मला आवडत नाही. दहाच्या दहा बाटल्यांत साधं कैरीचं पाणी होतं.

विहंग दारात उभा होता.

"कितीदा उघडल्या?" मी विचारलं.

"…घंट्याले एकदा."

"घंट्याले."

"रात्रीबी, गजर लावून. तुमच्या घरी फुटली होती ना. मले भेव वाटे. अन् मुलाखत तुमची." तो बोलत होता आणि माझ्याकडे पाहत नव्हता. "मले चाखून तं पाहता येत नोहतं. आवाज आला का वाटे, आहे, जित्तं आहे. मंग आवाज कमी येऊ लागला. कमी येऊ लागला तसतसा मी जास्त येळा ऐकाले लागलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मुलाखत होती. नवीन बाटल्या एका दिवसात होत नाहीत. चौथी मुलाखत इथेच संपली होती, या खोलीत, एका भल्या माणसाच्या हातून. आणि मला रडू येत होतं, ते मी रागात बदललं, कारण राग मला सोपा जातो.

"मुद्दाम केलं का? मी जाऊ नये म्हनून?"

त्याचा चेहरा उतरला. "असं वाटते तुमाले?"

"वाटत नाही. विचारते."

"मुद्दाम कराचं असतं तं एकदाच उघडून ठिवल्या असत्या," तो म्हणाला. "सोपं होतं ते."

हे बरोबर होतं. तो वळला आणि निघून गेला. त्याचं घर दुकानाच्या मागेच आहे. पाच मिनिटांत परत आला तेव्हा हातात अकरावी बाटली होती, तळाला ओली रेती चिकटलेली.

"हे न्या. हे नाई उघडली. एकबी येळा नाई. दहा मांगतल्या त्याइनं, पन एक तं होईन दाखवाले."

"ही तुमची आहे."

"बाबाच्या निवदात ठिवनार होतो. त्याले सोडा लय आवडे. चिखलीले गेला का पह्यले सोडा पेये, मंग काम." त्याने बाटली माझ्या हातात दिली. "त्याले पुढच्या अखजीले दिऊ. बाबा काई म्हननार नाई. तुमची मुलाखत पुढच्या अखजीपर्यंत थांबनार नाई."

मी बाटली उजेडात धरली. पोपटी पाणी, आणि काचेला आतून चिकटलेले बारीक बुडबुडे. शंभर टक्के जमलेला माल. ही नेली असती तर नोकरीची आशा होती. मी ती हातात धरून तशीच त्याच्या घरी चालत गेले. तो मागून काहीतरी म्हणत आला, मी ऐकलं नाही.

ओसरीत पाटावर नवी घागर पाण्याने भरून ठेवली होती, तिच्या तोंडावर खरबूज, शेजारी वैजनाथकाकांचा फोटो. काकू, विहंगची आई, पुरणपोळीचं ताट मांडत होत्या. मला पाहून त्यांनी पदर सारखा केला.

"काकू, एक वाटी द्या."

त्यांनी विचारलं नाही कशाला. मी कडी काढली. मोठा आवाज झाला, फेस उसळून माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आला. पहिली वाटी भरली आणि घागरीजवळ ठेवली.

"काकांसाठी," मी म्हटलं.

काकू वाटीतल्या बुडबुड्यांकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "बस पोरी, जेवूनच जाजो." आणि आमरसाचं पातेलं आणायला आत गेल्या.

निवद झाला. मी उरलेला सोडा दोन पेल्यांत ओतला आणि एक विहंगसमोर धरला. त्याने या वेळी कानाला लावला नाही. एक घोट घेतला. डोळे मिटले, मग एकदम उघडले, कारण ते नाकात गेलं होतं.

"कसं आहे?"

"थांबा."

तो पेला रिकामा होईपर्यंत प्यायला. मग खाली ठेवला.

"रेवती," तो म्हणाला. इतके दिवस मी 'तुमी' होते, नाव नव्हतं. "मले तू आवडते. सोडा मांगाले आली तवापासून. बाटल्या मी भेऊन उघडल्या, फुटतीन म्हनून. तू जाशीन याचं भेवबी होतं, पन ते बाटल्याइवर नाई काढलं. ते माह्याजवळच आहे."

घागरीजवळच्या वाटीत अजून बारीक आवाज येत होता.

"मलेबी तू आवडतो," मी म्हटलं.

"कवापासून?"

"ग्लास कानाले लावला तवापासून."

तो हसला. त्याला मी मोठ्याने हसताना पहिल्यांदा पाहिलं, आणि मला फार बरं वाटलं. मग त्याचं हसू थांबलं. "पन उद्या काय नेशीन?"

"दहा बाटल्या. जशा आहेत तशा."

आतून काकूंचा आवाज आला. "विहंग, रसात साखर घालू का रे, का झालं गोड?"

दुसऱ्या दिवशी मी दहा निर्जीव बाटल्या आणि विरजणाची बरणी घेऊन संभाजीनगरला गेले. टेबलापलीकडे तिघं होते. त्यांनी एक बाटली उघडली, दुसरी उघडली, आणि एकमेकांकडे पाहिलं. मधल्या बाईंनी विचारलं, यात वायू का नाही? मी सांगितलं. साखरेचं प्रमाण बरोबर होतं, विरजण जिवंत आहे, हे पाहा बरणीत. बाटली दर तासाला उघडली गेली, त्यामुळे दाब एकदाही तयार झाला नाही. दोनदा उघडायची होती. बाईंनी विचारलं, कोणी उघडली? मी म्हटलं, मेडिकलवाल्याने. का? मी जरा विचार केला आणि म्हटलं, "काळजीने."

त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी बाटलीतलं पाणी चाखलं आणि सगळा पेला संपवला. मग म्हणाल्या, "चांगला माल सगळेच आणतात. बिघडलेला माल का बिघडला, हे आम्हाला इथे रोज सांगावं लागतं."

आठ दिवसांनी पत्र आलं. त्यात 'कळवतो' नव्हतं. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि मला शब्दातून मोकळं केलं. विहंगचं मी त्यांना त्याच संध्याकाळी सांगितलं. ते म्हणाले, दुकान मोक्याच्या जागी आहे.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी नोकरीवर रुजू व्हायला निघाले आणि चिखलीची गाडी धरायला स्टँडवर आले. विहंग दुकान युसूफचाचांवर सोपवून आला होता. विरजणाची बरणी मी त्याच्या हातात दिली.

"रोज एक चमचा साखर, एक चमचा आलं."

"माहीत आहे. साल काढाची नाई." त्याने बरणी छातीशी धरली. "अन् मले काय?"

मी त्याच्या खिशातून पॅड काढलं आणि लिहिलं: फोन, १-०-१. फाडून त्याला दिलं.

"सकाळी एक, संध्याकाळी एक. मधात घडीघडी उघडून पाहाचं नाही."

त्याने चिठ्ठी नीट वाचली, काउंटरवर वाचतो तशी. कंडक्टरने घंटी मारली. मी पायरीवर चढले.

"किती दिवस द्याचं आहे हे?" त्याने खालून विचारलं. औषधवाले हे विचारतातच.

"बीपीच्या गोळीसारखं," मी म्हटलं. "बंद कराचं नाही."